मर्ल ओबेरॉन आणि कॅमेऱ्यावरचा तो छोटा दिवा

काल एका शूटिंगला कॅमेरामनने ‘ओबी लाव’ म्हणून हाक दिली. या ओबीमागे एक मुंबईची मुलगी आहे!

एस्टेल मर्ल थॉम्पसन. जन्म १९११, मुंबई. कोलकात्यात वाढली आणि विशीच्या आतच लंडन गाठलं. तिथे ती अभिनेत्री मर्ल ओबेरॉन झाली.

ती अँग्लो-इंडियन, आणि तसं म्हटलं की त्या काळी सिनेमाची दारं बंद. मग जन्म टास्मानियाचा असल्याचं सांगण्यात आलं, आणि तिने ते जन्मभर निभावलं. ‘द डार्क एंजल’साठी (१९३५) ऑस्कर नामांकनही मिळालं. केवढं ओझं वाहत काम केलं असेल तिने!

१९३७ मध्ये मोटार अपघातात चेहऱ्यावर व्रण राहिले. ‘द लॉजर’च्या (१९४४) वेळी छायाचित्रकार ल्युसियन बॅलार्डने कॅमेऱ्याच्या भिंगालगत एक छोटा दिवा बसवला. तोच ओबी.

व्रण दिसतो तो त्याच्या बारीक सावलीमुळे. उजेड बाजूने आला की सावली गडद होते. भिंगाच्याच दिशेने समोरून आला की पुसली जाते. डोळ्यांतही छान चमक येते.

मोबाइलवर करून बघा: आधी खिडकी एका बाजूला ठेवून फोटो काढा, मग खिडकीकडे तोंड करून.

प्रकाशयोजनेबद्दल काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये जरूर विचारा.