लाकडी घड्याळ : पेटी बिघडली की वेळ बिघडते

दारव्हा आणि आसपासच्या गावांत सुतारकाम करणाऱ्या आमच्या बांधवांना सागाची ओळख करून देण्याची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या जंगलातला साग दरवाजे, पलंग आणि कपाटे यांत पिढ्यान्‌पिढ्या जात आला आहे. परंतु दरवाजा कापून झाल्यावर जे वीतभर-हातभर तुकडे कोपऱ्यात पडतात आणि शेवटी चुलीत जातात, त्यांतूनच भिंतीवरच्या घड्याळाची पेटी होऊ शकते, याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. कमी लाकूड आणि जास्त हात, असे हे काम आहे. कारागिराची कमाई लाकडापेक्षा हातावर होते, हे आम्ही सांगायला नको.

लाकडी घड्याळाची हौस आपल्याकडे जुनी आहे. अमेरिकेची अँसोनिया व सेथ थॉमस, जर्मनीची युंगहान्स, नंतर जपानची घड्याळे मुंबई बंदरातून आली आणि वऱ्हाडातल्या वाड्यांत, दुकानांत, रेल्वे स्थानकांवर आणि मशिदींत नमाजच्या वेळांच्या तक्त्याशेजारी जाऊन बसली. (दारव्ह्यावरून जाणाऱ्या यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला गाडीला 1994 पर्यंत वाफेचे इंजिन होते. तिच्या येण्याजाण्यावर कोणी घड्याळ लावले असेल असे मात्र वाटत नाही.) पुढे बॅटरीवरचे क्वार्ट्झ यंत्र आले, गुजरातमधील मोरबीच्या कारखान्यांनी प्लॅस्टिकची स्वस्त घड्याळे घरोघर पोहोचवली आणि चावीचे घड्याळ मागे पडले. घडीसाजाचे दुकान ओस पडले ते तेव्हापासून.

आता वेळ प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणून वेळ पाहण्यासाठी लाकडी घड्याळ कोणी घेणार नाही, हे मान्य करूनच या धंद्याचा विचार करावा लागेल. गिऱ्हाईक पैसे मोजते ते लाकडाच्या रंगाचे, रेषांचे, दाराच्या काचेमागे हलणाऱ्या लंबकाचे आणि टोल्यांच्या आवाजाचे. यांतल्या बहुतेक गोष्टी सुताराच्या हातात आहेत.

पेटी म्हणजे नुसते वेष्टन, असा समज आहे. तो आम्हाला महागात पडला. आमच्या घरच्या जुन्या घड्याळाची पेटी वाळवीने खाल्ली. यंत्र शाबूत होते. एका सुताराकडून सागाची नवी पेटी करवून घेतली. साग आहे म्हटल्यावर लाकूड किती वाळले आहे, हे आम्हीही विचारले नाही. पावसाळ्यात पेटी देखणी दिसत होती. मे महिन्यात दाराच्या चौकटीचा सांधा उघडला आणि मागची फळी मधोमध तडकली. यंत्र त्याच फळीवर बसवलेले असल्याने ते किंचित तिरके झाले आणि घड्याळ दर दोन तासांनी थांबू लागले. घडीसाजाने दोनदा यंत्र उघडले, साफ केले, मजुरी घेतली. दोष यंत्रात नव्हताच, लाकडात होता.

म्हणून पहिली गोष्ट लाकूड वाळवण्याची. एक इंच जाडीच्या फळीला सावलीत, हवेशीर थप्पी लावून एक वर्ष, हा जुना हिशोब आजही चुकीचा नाही. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही. रुंदीत आकसते, आणि फळी ओंडक्याच्या कोणत्या बाजूने चिरली आहे त्यावर आकसणे दुपटीपर्यंत बदलते. त्यामुळे मागची रुंद फळी चारही बाजूंनी डिंक लावून कधी बसवू नये. चौकटीला खोबण पाडून तिच्यात ती मोकळी सरकवावी, म्हणजे उन्हाळ्यात आकसली आणि पावसाळ्यात फुगली तरी तडकणार नाही. यंत्रासाठी मात्र वेगळी उभी पट्टी द्यावी आणि ती वरच्या-खालच्या चौकटीला पक्की करावी. चौकटीचे कोपरे खिळ्यांवर न सोडता खाच आणि कुसू काढून जोडावेत. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे डिंक नीट धरत नाही. जोडण्यापूर्वी ती जागा थिनरने पुसून घ्यावी. पॉलिश चपडा लाखेचे, पातळ हात देऊन केलेले उत्तम. बाहेरून पॉलिश आणि आतून कोरडे लाकूड असे ठेवले तर फळी एका बाजूने ओल पिते आणि वाकते, म्हणून आतूनही एक-दोन हात द्यावेत.

दुसरी गोष्ट लंबकाची, आणि ती आमच्या विदर्भाच्या उन्हाशी जोडलेली आहे. लंबक जितका लांब तितका संथ. एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला बरोबर एक सेकंद घेणारा लंबक सुमारे 99 सेंटिमीटर लांब असतो. उष्णतेने धातूची दांडी वाढते आणि घड्याळ मागे पडते. हिवाळ्याच्या मानाने तापमान 20 अंशांनी चढले, तर पोलादी दांडीचे घड्याळ दिवसाला सुमारे 10 सेकंद मागे पडते, पितळी दांडीचे 16 सेकंद. सरळ रेषांच्या, नीट वाळलेल्या लाकडाची दांडी असेल तर हा फरक तीन-चार सेकंदांवर येतो. तिला ओल लागू नये म्हणून लाखेचे भरपूर हात द्यावे लागतात, एवढेच. इथे स्वस्त वस्तू महाग वस्तूपेक्षा सरस ठरते!

लाकडाचे हे गुण जगात सुतारांनीच ओळखले. इंग्लंडमधील जॉन हॅरिसन हा सुताराचा मुलगा. त्याने 1713 मध्ये केलेल्या घड्याळाची चाकेसुद्धा ओक लाकडाची होती. पुढे जहाजांवर अचूक वेळ सांगणारे घड्याळ त्यानेच करून दाखवले. अमेरिकेत एली टेरीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लाकडी चाकांच्या 4000 यंत्रांचा एकच ठेका घेऊन पुरा केला. त्याच्या हाताखालचा एक सुतार म्हणजे सेथ थॉमस, ज्याचे नाव पुढे आपल्याकडच्या तबकड्यांवरही आले.

आता व्यवहाराचे. क्वार्ट्झ यंत्र बसवले तर खर्च फार कमी येतो आणि त्यात गैर काही नाही. पण त्या यंत्राखाली हलणारा लंबक केवळ शोभेचा असतो. वेळ राखतो तो सेकंदाला 32768 वेळा कंप पावणारा स्फटिक. गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगावे. जुन्या घड्याळांच्या व्यापारातही हेच. मुंबईच्या चोर बाजारात आणि इतरत्र एका घड्याळाची तबकडी, दुसऱ्याचे यंत्र आणि नवी पेटी जोडून 'जुने घड्याळ' म्हणून माल खपवला जातो. नवी पेटी नवी म्हणून विकली तरी तिला किंमत येते. जुनी म्हणून विकली आणि उघडकीस आले, तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही आणि चार जणांना सांगते. उलट, गावातल्या कोणाकडे बंद पडलेले घड्याळ असेल तर ते भंगाराच्या भावात उचलण्यापेक्षा दुरुस्त करून देण्याची मजुरी अधिक टिकाऊ आहे.

साग घेताना वनविभागाच्या आगारातून किंवा परवानाधारक वखारीतून घ्यावा आणि पावती जपून ठेवावी. लाकूड हलवताना वाहतूक परवान्याची विचारणा होऊ शकते. शिसमच्या मालाचे पाहाल तर 2017 पासून परदेशी पाठवताना जादा कागदपत्रे लागू लागली, तेव्हा निर्यातीचा विचार असणाऱ्यांनी सागच धरावा.

घड्याळ टांगताना ओळंबा धरावा आणि कान द्यावा. टिक आणि टक यांमधले अंतर सारखे नसेल तर घड्याळ लंगडते आहे असे समजावे. पेटी खालून किंचित डावी-उजवी सरकवली की आवाज सारखा होतो आणि मग खालच्या बाजूला बारीक खिळा मारून ती पक्की करावी. घड्याळ मागे पडत असेल तर लंबकाखालचा नट वर फिरवावा, पुढे जात असेल तर खाली. आणि बाहेरगावी पार्सल करताना लंबक काढून कागदात वेगळा गुंडाळावा. पेटीत लटकता ठेवलेला लंबक पुसदपर्यंतच्या रस्त्यातच काच फोडतो.