सात मिनिटांत फेरी मारणारे तारे

आपल्या लोहारा तालुक्यात ताऱ्यांचा विषय निघाला की बोलणे राशी आणि पत्रिकेवर जाते. म्हणून आम्ही इथे अशा दोन ताऱ्यांची ओळख करून देत आहोत, ज्यांच्याविषयीचे भाकीत घड्याळ लावून तपासता येते.

सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन संपले की शेवटी त्याचा घट्ट गाभा उरतो. हाच श्वेत बटू. आकार पृथ्वीएवढा, पण वस्तुमान साधारण सूर्याच्या निम्म्याहून अधिक. काही श्वेत बटू जोडीने, एकमेकांच्या अगदी जवळून फिरतात. २०१९ मध्ये अमेरिकेतील कॅलटेकचे केविन बर्ज आणि सहकाऱ्यांनी अशी एक जोडी जाहीर केली. तिची एक फेरी ६.९१ मिनिटांत पूर्ण होते. अख्खी जोडी शनी ग्रहाच्या आत मावेल! ती ज्या झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी प्रकल्पात सापडली, त्याची उभारणी केली श्रीनिवास कुलकर्णी यांनी. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा.

दुर्बिणीत ही जोडी एकच अंधुक ठिपका दिसते. मग तारे दोन हे कसे कळले? एक दुसऱ्याच्या आड गेला की प्रकाश घटतो आणि हे ग्रहण दर सात मिनिटांनी होते. आईनस्टाइनच्या सिद्धांतानुसार अशी जोडी गुरुत्वीय लहरींमधून ऊर्जा गमावते, म्हणून तारे जवळ यायला हवेत आणि ग्रहणे लवकर व्हायला हवीत. मोजल्यावर तसेच आढळले. हे तारे दिवसाला सुमारे २६ सेंटिमीटर जवळ येत आहेत.

आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्राने २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. पण या जोडीच्या लहरी तिला टिपता येणार नाहीत. ही एक लहर पूर्ण व्हायला साडेतीन मिनिटे लागतात आणि इतकी संथ लहर जमिनीच्या कंपनात बुडून जाते. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप सोसलेल्या सास्तूर परिसराला जमीन हलणे सांगायला नको. पण एरवीही ती सूक्ष्मपणे थरथरतच असते. म्हणून युरोपची लिसा मोहीम २०३५ च्या सुमारास तीन याने अवकाशात पाठवणार आहे. त्यांच्यात २५ लाख किलोमीटर अंतर असेल.

तरुण मित्रांनो, झ्विकी प्रकल्पाची बरीचशी निरीक्षणे इंटरनेटवर मोफत आहेत. महागडी दुर्बीण नसली तरी गणित, संगणक आणि चिकाटी यांच्या बळावर लोहाऱ्यातूनही ती अभ्यासता येतील. आणि ताऱ्यांच्या नावाने कुणी भविष्य सांगू लागला, तर एवढेच विचारा: हे खोटे ठरले, तर कसे कळेल?