चिमुकल्या चिपची गिरणी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातुराला पाणी आले, हे तुम्ही विसरला नसाल. भरलेली टाकी वाहताना पाहिली, की आपला जीव तुटतो. टाकी भरताच मोटर बंद करणारे यंत्र शाळेतली मुलेही करू शकतात. त्याचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर. उदाहरणार्थ, एटीमेगा ३२८पी ही चिप घ्या. तिच्यात आज्ञांसाठी जागा अवघी ३२ किलोबाइट! सी भाषेतल्या आज्ञा तिच्या भाषेत उतरवणारा कंपायलर तिथे मावणार कसा? म्हणून जोंधळा गिरणीवर दळून पीठ घरी आणावे, तसे हे काम संगणकावर करायचे.

त्यासाठी लिनक्सवर तीन गोष्टी बसवा: भाषांतर करणारा एव्हीआर-जीसीसी, त्याच्या जोडीची एव्हीआर-लिबसी, आणि तयार आज्ञा चिपमध्ये भरणारा एव्हीआरड्यूड. तिन्ही फुकट आहेत. गुरुजींनी हे आधी ऐकावे!

खरी मेख पुढेच आहे. कंपायलरला चिपचे नाव सांगावे लागते, तसाच तिचा वेगही. कोरी चिप सेकंदाला १० लाख ठोके देते. तुम्ही १ कोटी ६० लाख लिहिलेत, तर कंपायलर निमूट ऐकतो. पण ‘मिनिटभर थांबून मोटर बंद कर’ म्हटलेली चिप सोळा मिनिटे थांबते, आणि पाणी अंगणात! तेव्हा पहिल्यांदा मोटर नको. एक बारीक दिवा जोडा, तो सेकंदाला एकदा लुकलुकेल अशी आज्ञा द्या, आणि घड्याळ समोर ठेवून मोजा. मिनिटाला साठ भरले, की मगच वायरमनला बोलवा.