उसाच्या पोटातले पाहुणे

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आईला घेऊन मी करवीर तालुक्यातल्या मामांच्या घरी गेले. फराळाची ताटे तशीच राहिली होती आणि घरात युरियावरून वाद पेटला होता. पूर्वहंगामी उसाची लावण तोंडावर आलेली.

मामा म्हणत, "औंदा युरिया निम्मा."

मामेभाऊ म्हणे, "आणि टनेज घटलं तर कर्ज कोण फेडणार?"

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून पंच मीच!

मामांनी परसातले चवळीचे रोप उपटून आणले. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. एक चिरली, तर आत गुलाबी! हाच तो कारखाना. हवेत नत्र ७८ टक्के. पण त्याच्या दोन अणूंची मिठी इतकी घट्ट, की पिकाला तो तसाच घेता येत नाही. खतकारखान्यात ती सोडवायला प्रचंड दाब आणि ४०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. गाठीतले जिवाणू तेच काम मातीच्या उबेत करतात. हॉलंडच्या बायेरिंक यांनी १८८८ साली ते वेगळे करून दाखवले.

"पर अक्का, उसाला कुठं हायत गाठी?" भावाने नेमके बोट ठेवले.

याचे उत्तर मिळायला आणखी शंभर वर्षे लागली. १९८८ साली ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर आणि कव्हालकांती यांना नत्र बांधणारा एक जिवाणू थेट उसाच्या पोटात सापडला. व्हिनेगर करणाऱ्या जंतूंचा हा भाऊबंद. दाट पाकात इतर जंतू तग धरत नाहीत, म्हणून तर आपला मुरंबा टिकतो. हा मात्र दहा टक्के साखरेत खुशाल वाढतो! २००९ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी त्याचा सारा जनुकसंच वाचला. गुणसूत्रावर सुमारे ३९ लाख अक्षरे, आणि त्यांतच नत्र बांधण्याची कृती लिहिलेली.

"मग युरिया बंदच करू!" मामा खुलले.

"तसे नाही, मामा. हा पाहुणा उसाची सगळी भूक भागवील, असा भरवसा देता येत नाही. जात, जमीन, पाणी यांवर ते ठरते. पण भरमसाट युरिया दिला, तर तो रोडावतो. बाजारचे ताट रोज येऊ लागले, की घरचा स्वयंपाकी हात आखडतो, तसे!"

शेवटी तडजोड झाली. दहा गुंठ्यांत जिवाणूंच्या द्रावणात बुडवलेले बेणे आणि निम्मा युरिया. बाकी रान भावाच्या मनासारखे.

आज दोन्हीकडचा ऊस डोक्याच्या वर गेला आहे. पाने पाहून फरक सांगता येत नाही. खरा निवाडा तोडणीनंतर वजनकाट्यावरच. मात्र परवा भाऊ त्या दहा गुंठ्यांकडे बोट दाखवून सहज म्हणाला, "आमच्या पाहुण्यांचा ऊस."

कालपर्यंत ते मामांचे पाहुणे होते!