वर्गातील पाणी

साताऱ्याच्या शाळेत बालपणी भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. तो नसला की तहान तशीच राही. सार्वजनिक पाणवठे व शाळा सर्वांस खुल्या करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला; तरी महाडच्या तळ्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावाच लागला. वर्गातील माठाचेही तसेच आहे. तेथे जातीवरून टोमणा झाला की दोघा मुलांचे हात मिळवून प्रकरण मिटविण्याची रीत सोयीची खरी, पण दुखावलेल्यास क्षमा करावयास लावणे हा दुसरा अन्याय होय. त्याचे म्हणणे आधी पुरते ऐकावे, दुसऱ्यास ते ऐकवावे. आणि पाणी वाढण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने, एकही नाव न वगळता लावावी.