बोटाच्या कडेवरचा थेंब

बाबांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून १०८ निघाली आणि गाडीतल्या डॉक्टरांनी आधी बाबांचं बोट टोचलं. तोंड वाकडं झालंय, उजवा हात लुळा पडलाय, आणि हे शुगर कसली बघतात? मी चिडलोच. ते म्हणाले, शुगर फार उतरली तरी माणूस हुबेहूब लकवा झाल्यासारखा दिसतो. बाबांची निघाली २८६.

अकोल्यात सीटी स्कॅन झालं, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत मिळालं. पुढचे तीन दिवस मात्र सिस्टरांचे होते.

सुरुवातीला त्या दर तासाला यायच्या. बाबांचा डावा हात हातात घ्यायचा, स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि बोट वाळेपर्यंत थांबायचं; ओल्या बोटाचा आकडा चुकतो. टोचायचं बोटाच्या कडेला, तिथं कमी दुखतं. पट्टी थेंब ओढून घ्यायची, मशीनवर आकडा यायचा. मग कापूस दाबून त्या बराच वेळ उभ्या राहायच्या, कारण त्या इंजेक्शननंतर रक्त लवकर थांबत नाही. आकडा कागदावर चढला की इन्शुलिनच्या पंपाचा वेग जरासा बदलायचा.

आईला राहवेना. "सिस्टर, सकाळपासून पोटात काही नाही याईच्या. दोन घोट चहा पाजू का?"

"नाही आई. गिळता येते का ते पाहिल्याशिवाय पाणीबी नाही."

चहा चुकून फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया. ताप, शुगर आणि गिळणं, या तीन गोष्टी पहिले ७२ तास नर्सेसनी नेमाने सांभाळल्या तर तीन महिन्यांनी जास्त रुग्ण जिवंत आणि आपल्या पायावर असतात, हे ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत २०११ मध्ये दिसलं. त्यात महागडं यंत्र नाही. म्हणूनच ही शिस्त वाशिमच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हवी, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी शुगर १७२ आली. मी म्हणालो, अजून खाली आणा ना.

"एवढीच बरी. १४० ते १८० मध्ये राहू द्या."

रक्त न पोचलेल्या मेंदूत जादा साखरेचं आम्ल होतं, रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. म्हणून ती उतरवायची. पण खेचून नाही. अमेरिकेत ११५१ रुग्णांवर झालेल्या 'शाइन' चाचणीत (२०१९) काहींची शुगर ८० ते १३० मध्ये दाबून ठेवली होती. त्यांची सुधारणा इतरांपेक्षा जास्त झाली नाही, उलट शुगर धोकादायक खाली गेली ती त्यांच्यातच. उपाशी मेंदूची साखर तोडणंही घातकच.

तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी बाबांना बसवून चमच्याने पाणी दिलं, गळ्यावर दोन बोटं ठेवून घोट उतरेपर्यंत बघत राहिल्या. ठसका लागला नाही. आई भिंतीकडे तोंड करून रडली.

आता घरी कालनिर्णयच्या पानावर, दुधाच्या हिशोबाखाली, ती रोज शुगर लिहिते. सोयाबीनच्या हंगामात बाबांच्या गोळ्या चुकायच्या. यंदा डबा तिच्याकडे आहे. सकाळी ती मशीन काढते, आणि बाबा न सांगता डावा हात पुढे करतात.