नदी नकाशात वर कशी चढली?

बालमित्रांनो, रायगड जिल्ह्याचा नकाशा घ्या आणि त्यात अंबा नदी शोधा. सह्याद्रीतून निघून ती जांभूळपाडा, पाली या भागातून येते. नागोठण्यापाशी पोहोचते आणि तिथून चक्क वर वर जात धरमतरच्या खाडीला मिळते. तिसरी-चौथीच्या वर्गात हा नकाशा टांगला, की एखादा हात वर होतोच. "बाई, पाणी उताराकडे जातं ना? मग अंबा वर कशी चढली?"

प्रश्न अगदी शंभर नंबरी! याचं उत्तर सापडलं, की अर्धा नकाशा कळला म्हणून समजा.

गंमत अशी, की नकाशा नेहमी भिंतीवर असतो. त्यामुळे उत्तर म्हणजे छताकडे आणि दक्षिण म्हणजे फरशीकडे, असं मनात पक्कं बसतं. 'उत्तर दाखव' म्हटलं, की छोट्यांचं बोट थेट पंख्याकडे जातं! म्हणून नकाशा खाली काढायचा आणि जमिनीवर पसरायचा. आता वर-खाली संपलं, उरल्या फक्त दिशा. अंबा चढत नाही, ती वायव्येकडे जाते. जमिनीचा उतार तिकडेच, खाडीकडे आहे.

पण पसरलेल्या नकाशाची उत्तर कुठे करायची? अंगणात एक काठी सरळ रोवा. भर दुपारी तिची सावली सर्वांत आखूड होते, तेव्हा ती उत्तरेकडे पडते. नकाशाची उत्तर तिकडे फिरवा. मात्र पेण-रोह्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. तेव्हा सावली दक्षिणेला पडते, हे विसरू नका.

आता स्वतःचा नकाशा काढू. सुरुवात वर्गापासून. बाकांच्या जागी काड्यापेट्या मांडा, टेबलाच्या जागी खोडरबर ठेवा आणि वरून बघत कागदावर काढा. मग रामवाडी घ्या. इथून मुंबई-गोवा महामार्ग जातो. एका बाजूला पनवेल, दुसऱ्या बाजूला वडखळ. वडखळहून एक रस्ता अलिबागला फुटतो, मोठा रस्ता नागोठण्याकडे जातो. या रस्त्याच्या आधाराने आपलं घर, शाळा, दुकान, विहीर दाखवा.

अंतर पावलांनी मोजा. दहा पावलं म्हणजे कागदावर एक सेंटीमीटर. पण दादाची पावलं मोठी, छकुलीची लहान. दोघांचे नकाशे जुळणार कसे? म्हणूनच सगळ्यांना एकच माप लागतं. १७६७ साली स्थापन झालेला भारतीय सर्वेक्षण विभाग जे नकाशे काढतो, त्यांत १:५०,००० हे प्रमाण नेहमी दिसतं. म्हणजे नकाशावरचे २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. या नकाशांवर तपकिरी रेषाही असतात. एक रेषा सारख्या उंचीच्या जागा जोडते. रेषा दाटीवाटीने आल्या, की चढ उभा समजायचा आणि लांब लांब असल्या, की जमीन सपाट.

या रेषा परीक्षेतल्या गुणांपुरत्या नाहीत. जुलै १९८९ मध्ये याच अंबेला महापूर आला आणि जांभूळपाड्यात फार मोठी प्राणहानी झाली. आपल्या जिल्ह्यात डोंगर जवळ, समुद्र जवळ आणि पाऊस धो धो. म्हणून तुमच्या नकाशात तीन गोष्टी हव्यातच : पाणी कुठून येतं, जवळची उंच, सुरक्षित जागा कोणती आणि तिथे जाणारी वाट कोणती. ही वाट ओढा ओलांडून जाते का, तेही बघा. जात असेल, तर पावसाळ्यात ती उपयोगाची नाही. दुसरी शोधा.

पालकांनो, आता मोबाईल रस्ता सांगतो, हे खरं. पण पावसात वीज गेली, चार्जिंग संपलं, की डोक्यातला नकाशाच कामी येतो. एसटीतून जाताना मुलांना खिडकीशी बसवा. "आता ऊन कुठल्या बाजूला? मग आपण कुठल्या दिशेला चाललो?" एवढंच विचारा. उत्तर चुकलं तर रागावू नका, पुढच्या थांब्यावर पुन्हा विचारा.

आणि मुलांनो, या रविवारी घराचा नकाशा काढून शेजारच्या मित्राला द्या. घरात एक पेरू लपवा. नुसता नकाशा बघून त्याला तो सापडला, तर नकाशा उत्तम जमला. पेरू मात्र त्याचा!